‘वृद्धाश्रम’ हा शब्द अपुरा आहे

म्हाताऱ्या माणसाने राहायचे कुठे हा एक प्रश्न आहे आणि त्याचे करायचे कोणी हा दुसरा. पहिला निवाऱ्याचा, दुसरा शुश्रूषेचा. मराठी सार्वजनिक चर्चेत या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो, वृद्धाश्रम. त्या शब्दाला एक ठरलेला निवाडाही चिकटलेला असतो: वृद्धाश्रम वाढले म्हणजे संस्कार संपले. शाळेतल्या निबंधापासून व्यासपीठावरच्या भाषणापर्यंत हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तपासले तर ते टिकत नाही. त्याची किंमत मात्र म्हातारी माणसे मोजतात. नावे ठेवली जातील या भीतीने घरातली माणसे मदत शोधायला उशीर करतात, आणि शोधायला निघतात तेव्हा कोणत्या प्रकारची मदत हवी आहे हेच त्यांना सांगता येत नाही.

कळमेश्वर हे नागपूर-काटोल रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. अशा गावात म्हातारपण एकाच तऱ्हेचे नसते. सात-बारा मुलांच्या नावावर करून मोकळा झालेला शेतकरी असतो. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून ईपीएस-९५ ची पेन्शन घेणारा कामगार असतो. त्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १००० रुपये आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला मुले असलेले निवृत्त शिक्षक जोडपे असते, ज्यांच्याकडे पैसा आहे पण रात्री दोन वाजता हाक मारायला माणूस नाही. आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली विधवा असते, जिचा आधार श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. या चौघांना लागणारी व्यवस्था एक नाही. चौघांना ‘वृद्धाश्रम हवा की नको’ असे विचारणे म्हणजे ताप, मोतीबिंदू आणि मोडलेला खुबा यांवर एकच गोळी देण्यासारखे आहे.

पहिला आक्षेप परंपरेचा. वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, आपल्याकडे असे काही नव्हते, असे म्हटले जाते. पुण्यातल्या नव्या पेठेतली ‘निवारा’ ही संस्था, मूळची डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, १८६३ मधली आहे. त्या काळी एकत्र कुटुंब भक्कम होते, परदेशी जाणारी मुले नव्हती, तरीही निराधार आणि अपंग वृद्धांसाठी पुण्याला स्वतंत्र घर बांधावे लागले. नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभ्या केलेल्या आनंदवनात वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ आहे. काशीवास, वानप्रस्थ या कल्पना तर कोणाकडून उसन्या घेतलेल्या नाहीत. उतारवयात घरापासून वेगळे राहणे या समाजाला ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा. पक्षाघातातून किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस दहा-दहा वर्षे जगतो, ही वैद्यकाने दिलेली नवी स्थिती आहे. तिच्यासाठी जुन्या घरात जागा नव्हती, कारण ती स्थितीच नव्हती.

दुसरा आक्षेप असा, की घरे मोडली, म्हाताऱ्यांना बाहेर काढले जात आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांपैकी जेमतेम सहा टक्के एकटे राहताना आढळले आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासोबत. बाकीचे बहुतेक अजून मुलाबाळांत आहेत. तेव्हा प्रश्न मुलांनी टाकून दिलेल्यांपेक्षा मुलांजवळ राहणाऱ्यांचा मोठा आहे: घरात असूनही त्यांची नीट काळजी घेतली जाते का, आणि ती घेणाऱ्याला कोणाची मदत आहे का.

इथे ‘पूर्वी घरीच सगळे होत असे’ या वाक्याकडे सरळ पाहिले पाहिजे. होत असे, पण करत कोण असे? सून, घरातच राहिलेली विधवा बहीण, लग्नाची नात. अंघोळ घालणे, हगणे-मुतणे काढणे, रात्री उठणे हे काम त्यांचे होते आणि कौतुक मुलाच्या श्रावणबाळपणाचे. आजही संस्कार बुडाल्याची तक्रार होते तेव्हा रोख मुलावर दिसतो, पण भार सुनेवर टाकायचा असतो. कायदासुद्धा हेच दाखवतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात. सून त्यात नाही. जबाबदारी एकाची, राबणूक दुसरीची. ती दुसरी आता शाळेत शिकवते, बँकेत बसते किंवा कारखान्यात पाळीवर जाते. तिने नोकरी सोडावी ही अपेक्षा संस्काराच्या नावाखाली ठेवणे अन्यायाचे आहे.

भावाभावांत वाटणी झाली की म्हाताऱ्यांचीही पाळी लागते. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. कधी आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याची ही ताटातूट कोणाला खटकत नाही, कारण ती ‘घरात’ घडते. तेच दोघे पैसे भरून एका खोलीत एकत्र राहू लागले तर गाव हळहळते. हळहळ चुकीच्या जागी खर्च होते आहे.

व्यवस्थेचे प्रकार माणसाला किती मदत लागते या क्रमाने पाहिले तर गोंधळ पुष्कळ कमी होतो.

सुरुवात घरापासूनच होते, आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच थांबावी हेच योग्य. पण घर म्हाताऱ्या शरीराला सोयीचे करावे लागते. उंच उंबरठा, ओली न्हाणी, अंगणाच्या टोकाला असलेला उकिडवे बसण्याचा संडास, जिन्यावरचा मिणमिणता दिवा या चार गोष्टी माणसाला पाडतात, आणि खुबा मोडला की चालते-फिरते म्हातारपण अंथरुणावर येते. संडासात भिंतीला पक्का दांडा, कमोड, खरबरीत फरशी, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर उजेड: एवढ्याने जे साधते ते नंतर कितीही पैसे ओतून साधत नाही. त्यानंतर येते माणसाची मदत. गावात तिला बाई ठेवणे म्हणतात, नागपुरात ब्युरोकडून केअरटेकर घेतात, बारा-बारा तासांच्या पाळीवर. रात्र आणि दिवस मिळून दोन माणसे लागतात, आणि दोघांचा महिन्याचा पगार किमान ईपीएस पेन्शनच्या कैक पटीने जास्त असतो. सरकारी मदत इथेच तोकडी पडते. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच मिळाले, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी अंग पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या हातांचा खर्च त्यात बसत नाही. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१०-११ पासून आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आणि खिळलेल्या रुग्णांच्या घरी कर्मचाऱ्याची भेट अपेक्षित आहे. ‘वृद्धाश्रम नको’ म्हणणाऱ्यांनी आपल्या तालुक्यात ही भेट होते का, एवढे जरी विचारले तरी त्यांच्या मताला वजन येईल.

घर आणि संस्था यांच्या मधली पायरी म्हणजे दिवसाचे केंद्र. तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ बोललेच जात नाही. ज्येष्ठ नागरिक संघाचे विरंगुळा केंद्र ही वेगळी गोष्ट. तिथे वर्तमानपत्र, कॅरम, भजन असते आणि स्वतःच्या पायांनी येणाराच तिथे येतो. दिवसाच्या केंद्रात सकाळी गाडी घ्यायला येते, जेवण मिळते, वेळेवर औषध दिले जाते, संडासला नेणारे कोणी असते आणि संध्याकाळी माणूस आपल्या घरी झोपायला येतो. लहान मुलांच्या पाळणाघराला समाजाने तीस-चाळीस वर्षांत मान्यता दिली. आईने मूल टाकले असे आता कोणी म्हणत नाही. जिथे नवरा-बायको दोघे कामाला जातात आणि अंतरे लहान आहेत, अशा कळमेश्वरसारख्या गावाला सगळ्यांत आधी हवे आहे ते हे. रिकामे समाजमंदिर, दोन शिकवलेल्या बाया, एक गाडी आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय एवढ्यावर ते उभे राहू शकते. घरात भांडण न होता घर टिकवणारी ही व्यवस्था संस्कारवाद्यांना खरे तर सर्वांत प्रिय असायला हवी.

निवृत्तांची वसाहत हा तिसरा प्रकार. पुण्यातली परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ ही मराठी वाचकाला सर्वांत परिचित. इथे माणूस सदनिका विकत घेतो किंवा भाड्याने राहतो, स्वतःचे कुलूप स्वतः लावतो. भोजनगृह, डॉक्टरांची फेरी, समवयस्कांची सोबत एवढे त्याला मिळते. याला वृद्धाश्रम म्हणणे ही सरळ चूक आहे. उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आणि ती जाहिराती करतात: ही वसाहत म्हणजे म्हातारपणाची संपूर्ण सोय, असे सुचवले जाते. ती सोय धडधाकट माणसाची आहे. पक्षाघात झाल्यावर त्याच सदनिकेत कोण करणार, हे करारात असेल तरच खरे. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये निकष लागू केले. चाकांची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, आधाराचे दांडे, उतार, न घसरणारी फरशी हे विक्रीकरारात लिहिले पाहिजे असा त्यांचा आशय. चांगले पाऊल आहे, पण ते इमारतीपुरते. शुश्रूषेचा त्यात समावेश नाही.

चौथा प्रकार मदतीसह निवासाचा. अंघोळ, कपडे, औषधे, चालणे यांत रोज कोणाचा तरी हात लागतो, पण दवाखान्याची गरज नसते, अशांसाठी. शहरांतल्या बंगल्यांत चालणारी अनेक ‘केअर सेंटर’ या जातीची आहेत. पाटी काहीही असो, पारख करायला तीन गोष्टी पुरतात: रात्री किती माणसांमागे एक मदतनीस जागा असतो, औषध कोण आणि कशाच्या नोंदीवर देतो, आणि माणूस पडला तर कोणत्या दवाखान्यात, कोणाच्या खर्चाने नेतात. भिंतीचा रंग आणि बागेतली बाके पाहून ठरवणाऱ्यांना या प्रश्नांची उत्तरे पुढे वाईट वेळी मिळतात.

पाचवा प्रकार दीर्घकाळच्या शुश्रूषेचा. लघवीची नळी, नाकातून घातलेली अन्नाची नळी, पाठीच्या जखमा, दर दोन तासांनी कूस बदलणे. हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. इथे शब्दच दगा देतो. अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे अशा रुग्णांचे कायमचे निवासस्थान. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे छोटा दवाखाना, बहुतेकदा बाळंतपणाचा, आणि १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा याच अर्थाने चालतो. परदेशी लेखांतून उचललेल्या वर्गवाऱ्या मराठीत जशाच्या तशा आणल्या की वाचक नेमका इथे फसतो. तशा निवासाला इथे रुळलेले नावही नाही, आणि त्याच्यासाठी वेगळा कायदाही नाही. नाव नसलेली गोष्ट कोणी मागत नाही.

स्मृतिभ्रंशाची गोष्ट याहून अवघड. ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ या दोन बोलांनी या आजाराला शतकानुशतके स्वभाव ठरवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. जेवल्याचे विसरून पुन्हा ताट मागणारी सासू सुनेची बदनामी करत नसते; तिचा मेंदू झिजत असतो. असा माणूस रात्री दार उघडून निघून जातो, जुने घर शोधत बसस्टँड गाठतो. त्याला हवे असते ते बंदिस्त पण मोकळे आवार, ठरलेली दिनचर्या, ओळखीचे चेहरे आणि न रागावणारा माणूस. साध्या वृद्धाश्रमात त्याला ठेवले तर त्याचेही हाल आणि इतरांचेही. घरात एकट्या सुनेवर सोपवले तर तिचेही. अमुक आजार आहे हे मान्य करण्याआधीच ‘आईला बाहेर ठेवले’ असा शिक्का मारणाऱ्या नातलगांनी एक रात्र तिच्या उशाशी जागून मग बोलावे.

अखेरच्या आजारातली उपशामक सेवा हा आणखी वेगळा प्रकार. मुंबईच्या वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले असे केंद्र. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. इथे आजार बरा करायचा नसतो, वेदना शमवायची असते. असे केंद्र जवळ नसलेल्या विदर्भातल्या तालुक्याच्या गावात याचा अर्थ असा, की कर्करोगाच्या शेवटच्या महिन्यांत घरच्यांनी नागपूरच्या फेऱ्या मारायच्या, किंवा माणसाने कण्हत पडून राहायचे. दुखणे थांबवता येते हे ठाऊकच नसल्याने कित्येक घरांत त्या कण्हण्यालाच प्रारब्ध म्हटले जाते.

आणि मग येतो ज्याला खरोखर वृद्धाश्रम म्हणावे तो: निराधारांचा, अनुदानावर चालणारा. राज्याची स्वयंसेवी संस्थांमार्फतची वृद्धाश्रम योजना १९६३ पासूनची. साठ वर्षांचे पुरुष आणि पंचावन्न वर्षांच्या स्त्रिया यांना प्रवेश. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. कळमेश्वर तालुक्यातच, शमी गणेशासाठी प्रसिद्ध असलेल्या आदासा येथे मातोश्री वृद्धाश्रम आहे. तिथे राहणाऱ्याकडे संस्कारहीन कुटुंबाचा पुरावा म्हणून पाहणे क्रूरपणाचे आहे. अशा ठिकाणी कित्येकांना मूलच नसते, कित्येकांचे मूल त्यांच्याआधी गेलेले असते. त्याहून महत्त्वाची बाब मात्र टीकाकारांना ठाऊक नसते. असे बहुतेक आश्रम प्रवेशाच्या वेळी माणूस चालता-फिरता, आपले आपण करणारा असावा अशी अट घालतात. परिचारिका नसताना त्यांना दुसरे करता येत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मदत हवी त्याला तिथे दार बंद. गरीब आणि खिळलेला, या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याच्यासाठी वरच्या कोणत्याच प्रकारात जागा उरत नाही. वृद्धाश्रम वाढल्याची खंत करण्यासारखी स्थिती नाही. खंत करायची ती या माणसासाठी ते नाहीत याची. २००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधारांना सामावणारे घर असावे असे म्हटले आहे, तेही राज्याच्या मर्जीवर ठेवून. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ४६ लाखांवर होती, राज्याचे ९.९ टक्के हे वृद्धांचे प्रमाण लावले तर साडेचार लाखांच्या घरात वृद्ध येतात. त्यांच्यासमोर १५० खाटा.

पैशाची बाजू शेवटी मालमत्तेशी येऊन थांबते. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’च्या बेलवलकरांसाठी महाराष्ट्र रडला, त्यांनी सगळे आधीच वाटून टाकले होते, ही त्यातली व्यवहाराची गोष्ट मात्र कोणी मनावर घेतली नाही. वावर आणि घर मुलाच्या नावे करताना बक्षीसपत्रात ‘देखभालीच्या अटीवर’ असे लिहिणे बापाला अपमानाचे वाटते. २००७ च्या कायद्याचे कलम २३ मात्र त्या अटीवरच उभे आहे. अट मोडली तर हस्तांतर रद्द करून घेता येते; पण अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून आईला घर परत मिळवून दिले, तिथेही मुलाने लिहून दिलेले वचनपत्र हाताशी होते. चरितार्थाचा दावा उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे चालतो, ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि मिळणारी रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. एवढ्यात दिवसरात्र शुश्रूषा होत नाही. दावा न करता माहिती किंवा मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

दहा हजारांची ही मर्यादा काढणारे, सून-जावयालाही जबाबदार धरणारे, ज्येष्ठांची निवासगृहे आणि घरी सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी सक्तीची करून किमान दर्जा ठरवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल ठरले. त्यामुळे केअर सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाच्या हाती आज उरतो तो फक्त करार. अनामत किती व केव्हा परत, दरवाढ किती, दवाखान्यात असताना खोलीचे भाडे चालू राहते का, माणूस खिळल्यावर किंवा त्याला स्मृतिभ्रंश झाल्यावर संस्था त्याला ठेवते की चार दिवसांत न्यायला सांगते, आणि मृत्यूनंतर कोणाला कळवायचे, हे त्या करारात लिहिलेले असावे लागते, आणि त्याखाली सही त्या म्हाताऱ्या माणसाची स्वतःची, वाचून, समजून घेतलेली.